पहिल्यांदा सुया टोचून घेताना

गुडघ्याचा एक्स-रे काढून झालेला असतो, ‘वयोमानानुसार झीज आहे’ हे ऐकून झालेलं असतं, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी पित्त खवळलेलं असतं, आणि अशात शेजारच्या इमारतीतल्या कुणाला तरी ‘सुयांनी फरक पडला’ अशी खबर येते. आपल्याकडे माणूस ॲक्युपंक्चरपर्यंत पोहोचतो तो बहुतेक याच वाटेने. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, करून बघायला काय हरकत आहे; दुसरा म्हणतो, सगळं थोतांड आहे. मला दोघांशीही भांडायचं आहे. पहिल्याला हरकत नेमकी कुठे आहे ते ठाऊक नसतं. दुसऱ्याने गेल्या पंचवीस वर्षांतल्या चाचण्या पाहिलेल्या नसतात. त्यांतल्या काही फार मोठ्या आणि काटेकोर आहेत, आणि त्यांचं उत्तर दोन्ही तटांना अडचणीचं आहे.

आधी एक गल्लत दूर करू. पायाखाली फिरवायचे लाकडी रोलर, काटेरी चपला, तळव्यावरचे बिंदू दाबणं हे ॲक्युप्रेशर. त्यात सुई नसते. फिजिओथेरपिस्ट जे ‘ड्राय नीडलिंग’ करतात त्यात सुई तीच असते, पण ती टोचायची जागा स्नायूतली आखडलेली गाठ पाहून ठरते, चिनी नकाशावरून नाही. हा लेख त्या नकाशावरून टोचल्या जाणाऱ्या सुयांबद्दल आहे.

तो नकाशा जुना आहे. ‘हुआंगदी नेइजिंग’ या दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथसंग्रहात शरीरातून ‘ची’ वाहून नेणाऱ्या वाहिन्या आणि सुयांचे उपचार यांची मांडणी आहे. इ.स. १०२७ च्या सुमारास सोंग राजवटीत वांग वेइयी याने माणसाएवढे कांस्याचे पुतळे ओतवून घेतले आणि त्यांच्यावर बिंदूंच्या जागी भोकं ठेवली. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला वरून मेण फासून आत पाणी भरत आणि विद्यार्थ्याची सुई बरोबर जागी शिरली तर पाणी बाहेर येई, असं सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या प्रमाण यादीत असे ३६१ बिंदू आहेत.

पण ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ असं जे दवाखान्यांच्या भिंतींवर लिहिलेलं असतं, ते खरं नाही. १८२२ साली दाओगुआंग सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुयांचा विभागच काढून टाकला. १९२९ मध्ये चिनी प्रजासत्ताकात पारंपरिक वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव आला होता. सुयांना पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती १९४९ नंतर, माओच्या राजवटीत. प्रचंड लोकसंख्या आणि हाताशी मोजके डॉक्टर, अशा परिस्थितीत स्वस्त आणि देशी उपचार सरकारला हवे होते. आज जगभर शिकवली जाते ती सुटसुटीत, अभ्यासक्रमात बसवलेली पद्धत मुख्यतः त्या काळात घडली. पद्धत तरुण आहे म्हणून ती वाईट ठरत नाही. पण निव्वळ वयाच्या दाखल्यावर तिच्यावर विश्वास टाकायला सांगणाऱ्याला तो दाखला तरी खरा दाखवता आला पाहिजे.

पश्चिमेकडे ही लाट पोहोचली त्या कथेचीही अशीच ओढाताण झाली. जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन यांचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. सुया टोचून, भूल न देता ऑपरेशन झालं अशी दंतकथा पुढे पसरली. रेस्टन यांनी स्वतः लिहिलं होतं ते वेगळं: भुलीचं औषध नेहमीसारखं दिलं गेलं, आणि नंतर पोटात गॅस धरून अस्वस्थ वाटू लागलं तेव्हा कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया लावल्या, त्याने आराम पडला. पुढच्याच वर्षी निक्सन चीनला गेले आणि अमेरिकेत सुयांची हवा झाली.

भारतातली सुरुवात त्याआधीची आहे, आणि तिचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू होते. कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, गेले. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे ते घराघरात पोहोचले. कोटणीस शल्यचिकित्सक होते; सुयांशी त्यांचं नाव जोडलं गेलं ते त्यांच्या सहकाऱ्यामुळे. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ती सुरू केली. म्हणून देशात ठिकठिकाणी ॲक्युपंक्चरच्या संस्थांवर कोटणीसांचं नाव दिसतं, आणि म्हणूनच १९९६ मध्ये या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा केला तो पश्चिम बंगालने.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. मानेच्या दुखण्यासाठी मी पुण्यात सुया घेतल्या आहेत, त्यामुळे हे जवळून सांगता येईल. पहिल्या भेटीत सुईच्या आधी प्रश्नच फार येतात. ठणकतं की चमकतं? ओढल्यासारखं होतं की चावल्यासारखं? सकाळी उठल्यावर जास्त की संध्याकाळी? झोप कशी, पोट साफ होतं का, घाम कधी येतो? जीभ बाहेर काढायला लावून रंग आणि थर पाहतात. दोन्ही मनगटांच्या नाड्या बघतात. कुणीतरी आपल्या दुखण्याबद्दल अर्धा तास इतकं बारकाईने विचारतंय, हा अनुभव आपल्या ओपीडीत वाढलेल्या माणसाला नवा असतो. या अर्ध्या तासाकडे मी पुढे परत येणार आहे, कारण सगळ्या वादाची किल्ली तिथे आहे.

सुई सीलबंद पाकिटातून निघते आणि वापरून झाली की टाकून देतात. साधारण पाव मिलिमीटर जाडीची, पोकळी नसलेली. रक्त काढायची नेहमीची सुई सुमारे ०.८ मिलिमीटरची असते, म्हणजे इंजेक्शनच्या आठवणीने इथे घाबरायचं कारण नाही. जागा ठरवताना मोजमाप पेशंटच्या स्वतःच्या अंगठ्याच्या रुंदीने घेतात. आपल्या वैद्यकातही मर्मं स्वतःच्या अंगुलांनी मोजतात, तसंच. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला ‘हेगू’ हा बिंदू जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतो. सुई एका बारीक प्लॅस्टिकच्या नळीत असते, ती नळी कातडीवर टेकवून वरून बोटाने टिचकी मारतात. टोचल्याचं कळतं न कळतं. नंतर नळी काढून सुई थोडी आत सरकवतात, हलकेच फिरवतात, आणि मग मात्र कळतं.

“काही वाटतंय?”

“नाही, टोचलं नाही फारसं.”

“टोचल्याचं नाही विचारत, ताई. आत जड, भरल्यासारखं होतंय का?”

होत होतं. बेचक्यातून मनगटाकडे सरकणारा, मुका, जड ठणका. चिनी परंपरेत याला ‘दे ची’ म्हणतात आणि सुई लागू पडल्याची ती खूण मानतात. विजेचा झटका बसल्यासारखी कळ मात्र ही खूण नव्हे. तशी आली तर लगेच सांगायचं, सुई नसेजवळ गेलेली असू शकते. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं निपचित पडून राहायचं. काही ठिकाणी सुयांना बारीक वायरी जोडून सौम्य वीजप्रवाह देतात, काही ठिकाणी दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीची कांडी पेटवून तिचा शेक देतात. शेवटी सुया मोजून काढतात. एखाद्या ठिकाणी रक्ताचा थेंब येतो, नंतर निळसर डाग राहतो. रिकाम्या पोटी गेलं तर चक्कर येऊ शकते, म्हणून थोडं खाऊन जावं आणि पहिल्या वेळी बसून न घेता आडवं पडूनच सुया घ्याव्यात. त्या संध्याकाळी माझी मान हलकी झाली होती. आठवडा सरायच्या आत ती पुन्हा अवघडली, आणि पुढच्या काही बैठकांनंतर दुखणं कमी झालं. सुयांमुळे झालं, दिवस गेल्यामुळे झालं, की उशी बदलल्यामुळे, हे एकट्या माझ्या मानेवरून सांगता येणार नाही. शेजारच्या इमारतीतल्या गुडघ्यावरूनही नाही. त्यासाठीच तर चाचण्या लागतात.

सुयांची चाचणी घेणं अवघड असतं. गोळीऐवजी साखरेची गोळी देता येते. सुईऐवजी काय देणार? संशोधकांनी दोन युक्त्या काढल्या. एक, नकाशाबाहेरच्या जागी, अगदी वरवर सुई टोचायची. दुसरी, १९९८ मध्ये आलेली श्ट्राइटबर्गरची सुई: बोथट टोकाची, कातडीला लागली की दांड्यात मागे सरकणारी, पेशंटला मात्र ती आत गेल्यासारखीच वाटते. आता तीन गटांची तुलना करता येते: खरी सुई, लटकी सुई, आणि नुसते नेहमीचे उपचार.

दुखण्यांवरच्या अशा चाचण्यांचा सर्वांत वजनदार एकत्रित अभ्यास अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २९ चाचण्या आणि १७,९२२ पेशंट होते. २०१८ मध्ये तो ३९ चाचण्या आणि २०,८२७ पेशंटपर्यंत वाढवला, निष्कर्ष तोच राहिला. पाठ, मान, खांदा, गुडघा आणि जुनी डोकेदुखी ही दुखणी त्यात धरली होती. २०१२ च्या लेखात त्यांनी निकाल समजावण्यासाठी एक उदाहरण दिलं, आणि मला वाटतं ॲक्युपंक्चरला जाणाऱ्या प्रत्येकाने ते नीट समजून घ्यावं. शंभरपैकी ६० इतकी वेदना असलेला माणूस धरा. सुया न घेता ती सरासरी ४३ वर येईल. लटक्या सुयांनी ३५ वर. खऱ्या सुयांनी ३० वर.

आता वजाबाकी करू. खऱ्या सुया घेणाऱ्याची वेदना ६० वरून ३० वर आली, म्हणजे निम्मी झाली. त्या ३० गुणांपैकी १७ तर सुया न घेताही कमी झाले असते. दुखणी चढतात-उतरतात, आणि माणूस उपचाराला जातो तो ती चढलेली असताना. पुढचे ८ गुण लटक्या सुईनेही मिळाले: आडवं पडणं, कुणीतरी विचारपूस करणं, अंगाला हात लागणं, बरं वाटेल ही आशा, आणि कातडीला झालेला थोडासा स्पर्श. उरलेले ५ गुण बरोबर जागी, बरोबर खोल गेलेल्या सुईचे. ते शून्य नाहीत, आणि योगायोगाने आलेले नाहीत. ‘थोतांड’ म्हणणाऱ्याला या पाचांचं उत्तर द्यावं लागेल. आणि ज्याच्या जाहिरातीत तीसच्या तीस गुण वाहिन्यांमधल्या ऊर्जेच्या नावावर जमा असतात, त्याला बाकीच्या पंचवीसांचं.

जर्मनीत तर हा पेच सरकारच्याच दारात उभा राहिला. तिथल्या विमा मंडळांनी खर्च केलेल्या एका मोठ्या चाचणीत जुनी कंबरदुखी असलेले १,१६२ पेशंट होते. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्क्यांना, लटक्या सुयांच्या गटात ४४.२ टक्क्यांना आणि औषधं-व्यायामाच्या गटात २७.४ टक्क्यांना गुण आला होता. खरी आणि लटकी यांत नाव घेण्याजोगा फरक नाही, आणि दोन्ही मिळून रूढ उपचारांच्या कितीतरी पुढे! जर्मनीने कंबर आणि गुडघ्यासाठी सुयांचा खर्च सार्वजनिक विम्यातून द्यायचं ठरवलं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी सुया सुचवल्या, २०१६ मध्ये त्या देऊ नका म्हटलं, आणि २०२१ मध्ये ज्याचं मूळ सापडत नाही अशा जुनाट दुखण्यासाठी विचार करायला हरकत नाही, असं सांगितलं. अमेरिकेच्या मेडिकेअरने २०२० पासून जुन्या कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ बैठकांचा खर्च मान्य केला. सुधारणा दिसली तर आणखी आठ, नाही दिसली तर बंद. पुरावा सगळ्यांसमोर जवळपास तोच होता. मतभेद होता तो त्या मधल्या आठ गुणांना उपचार म्हणायचं की नाही, यावर.

माझं मत विचाराल तर म्हणावं. दुखणं कमी होणं हीच पेशंटची गरज असते, आणि ती भागली तर कशाने भागली याची वाटणी तो करत बसत नाही. पण या आठ गुणांनी आपल्या दवाखान्यांना लाज वाटायला हवी. जो अर्धा तास सुईवाला देतो तो हाडाच्या डॉक्टरला का देता येत नाही? तीन मिनिटांत चिठ्ठी लिहून पुढचा पेशंट बोलावणारी व्यवस्था या आठ गुणांवर रोज पाणी सोडते, आणि लोक ते दुसरीकडे शोधायला जातात.

अर्धशिशीत सुयांची बाजू जरा अधिक बळकट आहे. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात २२ चाचण्या होत्या. डोकं दुखण्याचे दिवस निम्म्यावर येण्याचं प्रमाण सुया घेणाऱ्यांत ४१ टक्के, न घेणाऱ्यांत १७ टक्के होतं. लटक्या सुयांशी तुलना केलेल्या चाचण्यांत हेच आकडे ५० विरुद्ध ४१ असे निघाले. मनगटाच्या आतल्या बाजूचा ‘नेइगुआन’ हा बिंदू ऑपरेशननंतरच्या मळमळीवर उपयोगी पडतो, यालाही चांगला आधार आहे.

आणि इथून पुढे पुरावा झपाट्याने विरत जातो. आयव्हीएफसोबत सुया घेतल्या तर मूल राहण्याची शक्यता वाढते, असं सांगून हताश जोडप्यांकडून पैसे घेतले जातात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला: खऱ्या सुयांनी १८.३ टक्के, लटक्या सुयांनी १७.८ टक्के जिवंत जन्म. म्हणजे फरक नाहीच. मधुमेह, उंची, टक्कल, स्वमग्नता, ऐकू न येणं अशी लांबलचक यादी ज्या पाटीवर असेल, त्या पाटीखालून परत फिरावं. यादीला आधार म्हणून चिनी चाचण्यांचे ढीग दाखवले जातील. त्यांच्याबद्दल १९९८ मध्येच एक तपासणी झाली होती: चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेली ॲक्युपंक्चरची तपासलेली प्रत्येक चाचणी यशस्वी निघाली होती. एकही चाचणी जिथे फसत नाही, तिथे निकालांची निवड कुठेतरी आधीच झालेली असते.

सुई काम कशी करते? कापून पाहिल्यावर शरीरात वाहिन्या सापडत नाहीत. नसांना चेतना मिळते, मेंदू आणि मज्जारज्जू वेदनाशामक द्रव्यं सोडतात, आणि नॅलोक्सोन देऊन ती द्रव्यं अडवली तर काही प्रयोगांत सुईचा परिणाम ओसरतो, हे १९७० च्या दशकात दिसलं. २०१० मध्ये उंदरांवर सुईच्या जागी ॲडिनोसिन हे वेदना शमवणारं द्रव्य वाढतं असंही आढळलं. ही स्पष्टीकरणं पटण्याजोगी आहेत, पण ती सुई टोचण्याची आहेत, ३६१ ठिकाणांची नव्हेत.

धोका किती? जर्मनीत २,२९,२३० पेशंटच्या पाहणीत ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला: बहुतेक रक्ताचा डाग, दुखणं, गरगरणं. दोघांच्या फुप्फुसाला छिद्र पडलं. छाती, खांदा आणि पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर हे होऊ शकतं, म्हणून हात शिकलेलाच हवा. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल, गरोदर असाल, पेसमेकर असेल किंवा केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खाली गेली असेल, तर सुई उघडायच्या आधी सांगायचं.

पण सुईपेक्षा वाया गेलेल्या वेळाने जास्त माणसं फसतात. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, सोबत वजन घटणं किंवा ताप, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, एकाएकी उठलेली जीवघेणी डोकेदुखी: यांतलं काहीही असेल तर आधी एमआरआय, रक्त, निदान. आणि सुया सुरू केल्या म्हणून बीपीची, साखरेची किंवा फिटची गोळी बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा पाऊल टाकू नये. ‘करून बघायला काय हरकत’ची हरकत ती हीच.

जायचं कुणाकडे? ॲक्युपंक्चर हे आयुष मंत्रालयाच्या पद्धतींमध्ये मोडत नाही. केंद्राने २००३ मध्ये उपचाराचा एक प्रकार म्हणून त्याला मुभा दिली आणि २०१९ मध्ये आरोग्य संशोधन विभागाने स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने २०१५ चा ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम केला आणि त्याखाली परिषद नेमली. म्हणजे आपल्या राज्यात नोंदणी क्रमांक मागण्याचा पेशंटला पुरता अधिकार आहे, आणि विचारायला संकोच वाटून घेऊ नये. नोंदणीने पात्रता कळते. बाकीचं आपल्या डोळ्यांनी पाहायचं: पाकीट समोर फोडलं का, हात धुतले का, वापरलेल्या सुया जाड डब्यात गेल्या का, आधीचे रिपोर्ट पाहिले का.

पहिल्याच दिवशी तीस बैठकांचं पॅकेज पुढे आलं तर नको म्हणा. सहा ते आठ बैठका ठरवा. सुरुवातीला वहीत दुखणं दहापैकी किती, किती चालता येतं, जिना चढता येतो का, आठवड्यात गोळ्या किती लागतात, हे लिहून ठेवा, आणि ठरल्या बैठका झाल्या की वही उघडा. गोळ्या निम्म्यावर आल्या असतील तर पुढे जाण्यात अर्थ आहे. नुसतं ‘बरं वाटतंय बहुतेक’ असेल तर थांबा. मूत्रपिंडं किंवा पोट अधू असल्यामुळे ज्यांना डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेताच येत नाहीत, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी हा प्रयोग मला सर्वांत रास्त वाटतो. व्यायाम मात्र सोबत चालूच हवा. गुडघ्याभोवतीचे स्नायू सुईने बळकट होत नाहीत.

एका बैठकीला शहरात काहीशे ते हजारभर रुपये पडतात, आणि आठवड्यातून एक-दोनदा जायला वेळ लागतो. सुईची किंमत काही रुपये असते. महाग असतो तो शिकलेल्या माणसाचा तास. चीनने १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही महिने शिकवलेले ‘अनवाणी डॉक्टर’ खेड्यांत पाठवले तेव्हा त्यांच्या पिशवीत या सुया असत. आपल्याकडे सुया पोहोचल्या त्या शहरी मध्यमवर्गापर्यंत. भात लावून, ऊस तोडून कंबर आणि गुडघे गेलेल्या बायका गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊन दुसऱ्या दिवशी कामाला जातात. राज्यात कायदा आहे, परिषद आहे, आणि जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. तिथे या बायकांच्या गुडघ्यांवर तीन गटांची एक चाचणी घेता येईल: खऱ्या सुया, लटक्या सुया, आणि तेवढाच वेळ देऊन शिकवलेला व्यायाम. तिसरा गट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आणि निकाल उलटा लागला तरी परिषदेने तो मराठीत जाहीर करावा.